मनगटाचा हिशेब



कारखान्यात काम करणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाचा अंगठा यंत्रात सापडून तुटला, तर त्याची किंमत किती, हे आपल्या कायद्याला तोंडपाठ आहे. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठ्यापुढे आकडा होता ३०. म्हणजे कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी गेली, असे धरायचे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, चारही बोटे गेली तर ५० टक्के. पुढचे गणित सरळ आहे. २०२०पासून हिशेबात धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. चाळिशीसाठी कोष्टकात दिलेला गुणक १८४.१७. दोन्हींचा गुणाकार करून त्याचे ३० टक्के काढले की रक्कम येते ४,९७,२५९ रुपये. आता दुसरा अंगठा घ्या. तो जागेवरच आहे, पण वीस वर्षे एकच हालचाल करून त्याच्या मुळाशी असलेली कंडरा सुजली आहे. आता त्याला पाण्याने भरलेला तांब्या उचलवत नाही, कात्री धरवत नाही, झाकण फिरवता येत नाही. या अंगठ्यासाठी आपल्या कायद्यात काय आहे? काही नाही. पाच लाख आणि शून्य यांच्यातले हे अंतर कुठून आले आणि ते टिकवून ठेवण्यासाठी दिली जाणारी कारणे पुरेशी आहेत का, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

आधी हालचाल म्हणजे काय ते जवळून पाहू, कारण ‘हात दुखतो’ या दोन शब्दांत कामाचे मोजमाप हरवून जाते. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया ही आपल्याकडची विडीची जुनी ठिकाणे. सोलापुरात हे काम मुख्यतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या बायकांच्या हाती आहे. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान साच्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमटीने तंबाखू भरायचा, दोन्ही अंगठे आणि तर्जन्यांच्या मध्ये पान घट्ट वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड आत दुमडायचे. मांडीवर सूप, मान खाली. मजुरी हजारावर मिळते. एका विडीला हाताच्या चारच हालचाली धरल्या, आणि हे कमीत कमी झाले, तरी रोजच्या हजार विड्यांना चार हजार होतात. वर्षात तीनशे दिवस काम धरले तर बारा लाख, वीस वर्षांत दोन कोटी चाळीस लाख. या हालचाली ज्या कंडरांवर होतात त्यांतल्या दोन मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, एका अरुंद नळीतून सरकतात. घर्षणाने नळीचे अस्तर जाड झाले की कंडरा अडकू लागते. १८९५मध्ये फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस शल्यविशारदाने त्याचे वर्णन केले आणि आजही तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. मनगटाच्या पुढच्या बाजूला दुसरा बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. कंडरा सुजल्या की मज्जातंतू चेपतो, रात्री बोटांना मुंग्या येतात आणि पुढे अंगठ्याखालचा मांसल उंचवटा वाळत जातो. याला डॉक्टर कार्पल टनेल म्हणतात. शिलाई, पॅकिंग, डेटा एंट्री, मासळी सोलणे अशा कामांतही हेच घडते. विडी मी निवडली ती एका कारणासाठी: तिथली मोजणी रोजच्या रोज वहीत उतरते. त्या वहीकडे मी पुन्हा येईन.

आपला कायदा ज्या घराण्यातला आहे त्या घराण्याने इजेला नेहमी क्षणात पाहिले आहे. इंग्लंडच्या उमराव सभेपुढे १९०३मध्ये फेंटन विरुद्ध थॉर्ली हा खटला आला. गुरांचे खाद्य तयार करणाऱ्या कारखान्यातला एक मजूर अडकलेले चाक जोर लावून फिरवायला गेला आणि त्याच्या पोटात काहीतरी फाटले. अंतर्गळ झाला होता. यंत्र मोडले नव्हते, कोणी घसरले नव्हते. तरीही हा अपघातच, असा निकाल लागला, कारण भोगणाऱ्याच्या दृष्टीने ती अनपेक्षित, अघटित गोष्ट होती. तत्त्व उदार होते आणि भारतातल्या न्यायालयांनीही ते पुढे नेले. पण त्या उदारपणालाही ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर हवे असते. १९४८च्या रॉबर्ट्स विरुद्ध डोरोथिया स्लेट क्वारीज या खटल्यात पाटीच्या खाणीतल्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगाराला सांगण्यात आले की, कणाकणाने, वर्षानुवर्षे होणारी झीज म्हणजे अपघात नव्हे, ती प्रक्रिया आहे. १९२३च्या कायद्याच्या कलम ३ मधले चौथे पोटकलम हेच आपल्या भाषेत सांगत होते: अनुसूचीतले रोग सोडले तर कोणत्याही रोगाची भरपाई तेव्हाच, जेव्हा तो कामावरच्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला असेल. म्हणजे ओझे उचलताना एका दिवशी, एका वेळी खांद्याचा स्नायू फाटला तर दावा उभा राहतो. दोन कोटी चाळीस लाखांतली कोणती हालचाल मनगटाला नडली, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

या अडचणीवर उपाय कायद्यातच आहे. त्याचे नाव तिसरी अनुसूची, म्हणजे व्यवसायजन्य रोगांची यादी. यादीतला रोग यादीतल्या कामात झाला, आणि ब भागातल्या रोगांसाठी ते काम सलग सहा महिने केलेले असले, की तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. सिलिकोसिसच्या रुग्णाला कोणी विचारत नाही की धुळीचा कोणता कण बाधला. ही यादी वाचण्यासारखी आहे. तिच्यात शिसे, पारा, बेंझीन यांची विषबाधा आहे. कापसाच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा विकार आहे. भट्टीच्या उष्ण किरणांनी येणारा मोतीबिंदू आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. बर्फाळ प्रदेशातले हिमांधत्वही आहे, आणि ते असायलाच हवे. हाताच्या, मनगटाच्या, कोपराच्या कंडरांचा किंवा दबलेल्या मज्जातंतूचा एकही विकार तिच्यात नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली, पण मनगटाची जागा रिकामीच राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१०च्या सुधारित यादीत मात्र डी क्वेरवेनचा विकार, मनगटाच्या कंडरांची जुनाट सूज, कोपराची सूज आणि कार्पल टनेल नावानिशी आहेत. ब्रिटनने तर १९०८मध्येच तारखात्यातल्या कामगारांचा हाताचा पेटका भरपाईच्या यादीत घेतला होता. ‘हे संगणकाच्या जमान्यातले नवे खूळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ते साल लक्षात घ्यावे. त्याच्याही दोनशे वर्षे आधी इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या १७१३च्या आवृत्तीत लेखनिकांची दुखणी नोंदवली. सतत बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होईल या भीतीचा मनावरचा ताण, अशी तीन कारणे त्याने दिली. त्यात एक दस्तलेखक येतो. उजवा हात निकामी झाल्यावर तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि पुढे डाव्यालाही तेच झाले.

यादी नसेल तर काय होते, याचा पुरावाही ब्रिटनमध्येच आहे. रॉयटर्समधल्या एका पत्रकाराचा दावा १९९३मध्ये लंडनच्या न्यायालयाने फेटाळला. ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’ या नावाला वैद्यकाच्या पुस्तकांत स्थान नाही, असे न्यायमूर्ती जॉन प्रॉसर यांचे मत पडले. पाच वर्षांनी आयसीआय या रसायन कंपनीतल्या एका सचिव महिलेचा खटला उमराव सभेपर्यंत गेला. टंकलेखनामुळे हाताला पेटके येतात, ही तिची तक्रार. मधल्या न्यायालयात ती जिंकली होती, शेवटी हरली. दुखणे शरीरातले की मनातले, आणि मालकाला ते आधी कळायला हवे होते का, यावर ती पडली. गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की हाताचा हाच पेटका त्याच देशात सरकारी भत्त्याच्या यादीत नोंदलेला आहे. भत्त्याच्या खिडकीवर मालकाची चूक दाखवावी लागत नाही, दिवाणी न्यायालयात लागते. हात तोच, दुखणे तेच, दरवाजा मात्र वेगळा. भारतात मालकाच्या हयगयीबद्दल दिवाणी दावा लावण्याचा मार्ग कागदावर आहे, पण हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईला तो सुचवणे ही थट्टा होईल. जे काही व्हायचे ते यादीतूनच व्हायला हवे.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप दुखण्याच्या खरेपणाबद्दलचा आहे, आणि तो मालकांचा कांगावा म्हणून झटकता येणार नाही. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, विशेषतः तिथल्या टेलिकॉम खात्यात, ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’ किंवा ‘आरएसआय’ या छत्रीनावाखाली दाव्यांची लाट आली आणि काही वर्षांत ओसरलीही. कळफलक तेच होते, माणसे तीच होती. शिवाय त्या खात्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली: सर्वांत जलद बोटे चालवणाऱ्या तारखात्यातल्या लोकांत तक्रारी सर्वांत कमी होत्या. नुसत्या मोजणीवर विसंबणाऱ्या कोणालाही हे निरीक्षण अडवते. मलाही अडवते. हालचालींची संख्या हे एकटे कारण नसते. जोर किती लागतो, मनगट कोणत्या कोनात वाकते, मध्ये विसावा मिळतो का, हात सवयीचा आहे का, डोक्यावर कोण उभे आहे, हे सगळे त्यात येते. ब्रिटिश टपाल खात्याच्या समितीने १९११मध्ये तारेच्या पेटक्याचा दोष थकव्याबरोबर कामगारांच्या ‘नाजूक’ मज्जासंस्थेलाही दिला होता, तो याच संदिग्धतेचा फायदा घेऊन. माझ्या मते ऑस्ट्रेलियाचा धडा दाव्यांविरुद्ध नाही, छत्रीनावाविरुद्ध आहे. ‘आरएसआय’ हे तीन अक्षरांचे नाव चळवळीच्या फलकावर शोभते, अनुसूचीत त्याला जागा मागू नये. जागा मागायची ती निश्चित रोगांसाठी, निश्चित कामांशी जोडून: डी क्वेरवेनचा विकार, कार्पल टनेल, कोपराची सूज, कंडरांची जुनाट सूज. कार्पल टनेलमध्ये मज्जातंतूचा वेग यंत्रावर मोजता येतो. कंडरेची सूज हाताने तपासता येते, सोनोग्राफीत दिसते. ज्यांच्या दुखण्याची अशी खूण सापडत नाही त्यांचे दुखणे खोटे ठरत नाही, पण या मागणीने त्यांना लगेच न्याय मिळणार नाही. हे मोकळेपणाने कबूल करून पुढे जावे. आणि गृहीतक हे खोडता येणारे गृहीतक असते. मालकाकडे उलट पुरावा असेल तर त्याने तो आणावा.

दुसरा आक्षेप घरातून येतो. ही बाई घरी भाकऱ्या थापते, धुणे पिळते, शेणगोठा करते. शिवाय मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, वाढते वय यांनीही मनगटाचा मज्जातंतू दबतो. मग मालकानेच का भरायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कायद्याने इतर अवयवांबाबत केव्हाच दिले आहे. ऐकू कमी येणे वयानेही होते, तरी गोंगाटाचे बहिरेपण यादीत आहे. दमा ज्याला त्याला होतो, तरी कामाच्या ठिकाणचा दमा यादीत आहे. मोतीबिंदू म्हातारपणाचा सोबती, पण काचेच्या भट्टीपुढच्या माणसाचा मोतीबिंदू यादीत आहे. काम हे एकमेव कारण असले पाहिजे, अशी अट कोणत्याच रोगाला लावलेली नाही, मग ती मनगटालाच का? दहा भाकऱ्या आणि हजार विड्या यांना एका पारड्यात टाकताना बोलणाऱ्याने निदान आकडे तरी जुळवून पाहावेत. घरकामाने आधीच थकलेला हात हजार विड्यांना लवकर बळी पडत असेल, तर कामाला घेताना मालकाने तोच थकलेला हात घेतलेला असतो, आणि त्याच्या थकव्याची सूट मजुरीत कोणी दिलेली नसते.

तिसरा प्रश्न अधिक अवघड: मालक कोण? विडी घरात वळली जाते, पान-तंबाखू ठेकेदार देतो, छाप कंपनीचा असतो. दाव्याची वेळ आली की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पण हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयाला नवा नाही. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६चा कायदा घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानत होता, आणि १९७४मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात तो कायदा न्यायालयाने उचलून धरला. पुढे पी. एम. पटेल आणि सन्सच्या खटल्यात भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीतही घरी विडी वळणारे हात कर्मचाऱ्याचेच, असे ठरले. कामात खोट निघाली तर माल नाकारण्याचा हक्क कंपनीकडे आहे, तोच नियंत्रणाचा पुरावा, असा तो तर्क होता. ज्या हाताचा निधी कापायचा तो कर्मचाऱ्याचा, आणि जो हात सुजला तो कोणाचाच नाही, ही भूमिका फार काळ टिकणारी नाही. भरपाईच्या कायद्यात घरी बसून काम करणाऱ्या कामगाराचा स्पष्ट उल्लेख असावा, ही मागणी यादीच्या मागणीसोबतच करायला हवी.

आता ती वही. नगावरच्या मजुरीत मालक प्रत्येक नग मोजतो, कारण पैसे नगावर द्यायचे असतात. हजारातल्या खराब निघालेल्या विड्या वेगळ्या काढतो, त्याही मोजतो. कॉल सेंटरमध्ये दोन कॉलमधले सेकंद मोजले जातात, डेटा एंट्रीत कळा मोजल्या जातात, गोदामात मिनिटाला किती खोकी भरली हे पडद्यावर दिसते. कामाची इतकी बारीक नोंद जगात पूर्वी कधीच नव्हती. अपघाताच्या दाव्यात साक्षीदार शोधावे लागतात, इथे मालकाच्या हस्ताक्षरातला साक्षीदार आधीच तयार आहे. हजार विड्यांची मजुरी देताना जी नोंद खरी मानली, ती भरपाईच्या वेळी अंदाज म्हणून टाकून देता येणार नाही, हे माझ्या प्रतिपादनाचे सार. अनुसूचीत कामाचे वर्णन करताना ‘बोटांच्या किंवा मनगटाच्या वारंवार हालचालीचे काम’ एवढेच मोघम लिहू नये. ज्या कामात मजुरी किंवा कामगिरी नगावर, कळांवर वा वेळेवर मोजली जाते असे काम, असा उल्लेख करावा. तारखात्यातल्या त्या चमत्कारिक निरीक्षणाचे उत्तरही यात थोडेफार आहे: मोजणीने दार उघडेल, आत कोण जाईल ते डॉक्टरांचे निदान ठरवील.

खर्चाच्या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. उद्योग बुडेल, काम यंत्रावर जाईल, बायकांची आहे ती रोजीही जाईल, हे बाराही महिने ऐकू येणारे गाणे आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०००मध्ये अशा इजांविरुद्ध नियमावली आली आणि खर्चाच्या याच ओरडीपुढे मार्च २००१मध्ये काँग्रेसने ती रद्द केली. इजा काही त्यामुळे रद्द झाल्या नाहीत. खर्च आजही होतोच, फक्त तो मालकाच्या विम्यातून न होता बाईच्या मंगळसूत्रावर काढलेल्या कर्जातून होतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही मालकांनी विरोध केला होता. १० जून १८९० रोजी सुट्टी मिळाली आणि गिरण्या पुढे कित्येक दशके चालल्या. हातासाठी विसावा हेच पहिले औषध असते, हे लोखंड्यांना वैद्यकाच्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

जाता जाता व्यवहाराचे दोन शब्द. यादी बदलेपर्यंतही काही करता येते. २०१०पासून कारकुनी कामातली माणसेही भरपाईच्या कायद्यात आली आहेत. ‘मी ऑफिसात आहे, हा कायदा मजुरांचा’ असे समजून गप्प बसू नये. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जे राज्य कामगार विमा योजनेत आहेत, त्यांचा दावा महामंडळाकडे जातो, बाकीच्यांचा सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे. दुखणे सुरू झाल्याची लेखी सूचना मालकाला लगेच द्यावी आणि पोच घ्यावी. दाव्याला साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, आणि रोगाच्या दाव्यात ती कामावर सलग गैरहजर राहिल्याच्या पहिल्या दिवसापासून धरली जाते. डॉक्टरांच्या कागदावर नुसते ‘हातदुखी’ न येता रोगाचे नाव आणि कामाचे स्वरूप यावे, असा आग्रह धरावा. एखाद्या ठरावीक दिवशी जोर लागून इजा झाली असेल तर ती तारीख लिहून ठेवावी.

युनियनच्या कार्यकर्त्यांना मात्र एकच विनंती आहे. विडीच्या वह्या भरल्या की त्या फेकून देऊ नका. पाच वर्षांच्या, दहा वर्षांच्या वह्या गोळा करा, त्यांतले आकडे बेरजेसह मांडा, सोबत डॉक्टरांची निदाने जोडा आणि अनुसूचीत भर घालण्याचे निवेदन सरकारला द्या. १९२३च्या कायद्याने ही भर घालायला राजपत्रात तीन महिन्यांची पूर्वसूचना पुरेशी मानली होती.